झिंग्यांचं तळं आणि धुऱ्याखालचा बगीचा

आमच्या घरात झिंगे माझ्यामुळे आले, असं आमचे हे आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यात खोटं काही नाही. फक्त ते अर्धंच सांगतात.

माझी नोकरी संपायला थोडा अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. आम्हा विज्ञानाच्या शिक्षकांना पांढुर्ण्याला एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय होता सिस्टिम थिंकिंग. शिकवायला बाहेरून एक तरुण गृहस्थ आले होते. कोणतीही गोष्ट एकटी नसते, ती दहा गोष्टींना बांधलेली असते, एक हलवली की बाकीच्या हलतात, असं ते फळ्यावर गोल आणि बाण काढून समजावत होते. उदाहरण त्यांनी घेतलं समुद्रकाठच्या झिंगाशेतीचं. आम्ही पांढुर्णा-सौंसरची माणसं. समुद्र आम्ही नकाशात पाहिलेला, आणि झिंगे पाहिले ते आठवडी बाजारात वाळवलेले, नाकाला पदर लावून पलीकडे जाता जाता. पण तो माणूस छान सांगत होता. किनाऱ्यावरची खारफुटी तोडून तळी केली. झिंगे झाले, लोक खूश झाले. मग तळ्यातलं खारं पाणी शेजारच्या भाताच्या शेतात झिरपलं, विहिरी खारट झाल्या. तळ्यात दाटी झाली म्हणून रोग आला, रोग आला म्हणून औषध आलं, घाण पाणी खाडीत सोडलं तर तेच पुढच्या तळ्यात शिरलं. कुणाच्याही मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते मला फार लागलं.

संध्याकाळी सौंसरला घरी आले ती त्याच नादात. कणीक मळता मळता ह्यांना सगळं ऐकवलं. हे त्याच वर्षी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि कशाचा तरी कारभार हातात घ्यायला शोधत होते. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. दूधवाल्याला उशिराचं कारण विचारून झालं होतं. त्यांनी माझं सगळं म्हणणं शांतपणे, मान हलवत ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, आपलं शिकवणं अजून पोचतं आहे. मग त्यांनी विचारलं, "पण गोड्या पाण्यात होतात का ते?"

खारफुटी, खारट विहिरी, रोगराई, सगळं कानावरून गेलं होतं. आत राहिला होता तो फक्त झिंगा.

गोड्या पाण्यातही होतात, हे त्यांना फोनने सांगितलं. पुढे बरेच दिवस फोनच त्यांना सगळं सांगत होता. जेवताना ताटाशेजारी फोन, त्यात कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभा राहून ओंजळीतले झिंगे दाखवतो आहे, आणि हे वरणात भात कालवायचे विसरले आहेत, असं चित्र आमच्या घरात रोजचं झालं.

जमीन आमची मोहगावच्या वाटेवर आहे. दोघा भावांची. मधे एक धुरा, म्हणजे मातीचा उंच बांध. धुऱ्याच्या वरचा भाग आमचा, उताराकडचा खालचा माझ्या भासऱ्यांचा, ह्यांच्या थोरल्या भावाचा. सासरे लवकर गेले. तेव्हा भासऱ्यांनी शाळा सोडून नांगर धरला, म्हणून हे पांढुर्ण्याला राहून शिकू शकले आणि खुर्चीवर बसू शकले. आमच्या वाट्यात कापूस असतो, ती जमीन आम्ही दुसऱ्याला कसायला देतो. वरच्या कोपऱ्यात एक तळंही होतं, मागच्या कुठल्या तरी उत्साहातलं, तळाशी प्लॅस्टिकची काळी पन्नी अंथरलेलं. भासऱ्यांच्या वाट्यात मात्र सगळा संत्र्याचा बगीचा. झाडं त्यांनी स्वतः लावलेली. थंडी सरता सरता फुलणारा त्यांचा आंबिया बहार आसपासच्या बगीच्यांत चांगला म्हणून ओळखला जातो, आणि वर्षभराचं त्यांचं घर त्याच बहारावर चालतं. दुसरं त्यांच्याकडे काही नाही.

झिंगे आणायच्या आधी एक अडचण होती. आमच्या घरात अंडं मागच्या दारानेही येत नाही. हे तर दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारे. मी विचारलं, "तुम्ही खाणार नाही, मी खाणार नाही, मग पाळायचे कशाला?"

"खाणारे खातीन. आपण फक्त वाढवून राहिलो," ते म्हणाले. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाचंच उत्तर होतं ते. पिलं आली ती हवा भरलेल्या पाण्याच्या पिशव्यांतून, दूरवरून. नेमका शनिवार होता. येताना ह्यांनी गाडी जामसांवलीच्या फाट्यावरच थांबवली आणि रस्त्यावरूनच हात जोडले. पिशव्यांवर टॉवेल टाकलेला होता. मारुतीला दिसू नये म्हणून की पिलांना ऊन लागू नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

आणि पन्नी काढून टाकली. झिंगा तळाच्या मातीवर चालतो, त्याला पायाखाली माती लागते, असं फोनने सांगितलं होतं. मी म्हटलं, पन्नी काढली तर पाणी झिरपेल. ते म्हणाले, "काळी माती आहे. धरून ठेवते." आमच्याकडची काळी माती वरून काळी असते. हातभर खाली गेलं की मुरूम लागतो.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. हे रोज वावरात जाऊ लागले. नोकरीत असताना वावर म्हणजे पोळा आणि दिवाळी. तेही सकाळी जायचं आणि जेवण झालं न झालं की निघायचं. आता सकाळी नाश्ता झाला की हे मोटरसायकलला किक मारून निघत, ते दिवस कलल्यावर येत. दुपारी दोघे भाऊ विहिरीजवळ भाकर खात. घरी आल्यावर मला सगळं ऐकायला मिळे. झिंगा कात टाकतो, कात टाकली की मऊ पडतो, मऊ पडला की दुसरे झिंगे त्याला खातात. "एकाच तळ्यात राहून एकमेकाले खातात, काय म्हणावं," असं ते अगदी दुःखाने सांगत. मी म्हणे, तुमच्या कचेरीत आणि काय होतं.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि झिंगे वाढेनात. फोन म्हणाला, भुकेले आहेत म्हणून एकमेकांना खातात, दाणा वाढवा. ह्यांनी दाणा वाढवला. थंडी पडू लागली होती. थंडीत झिंग्याची भूक मरते, हे फोनने नंतर सांगितलं. न खाल्लेला दाणा तळाशी कुजला. पाणी हिरवं झालं, मग त्याला वास सुटला. पहाटे पाण्यातली हवा कमी पडे आणि झिंगे काठाशी येऊन बसत. काठाशी झिंगे बसले की बगळे येत. बगळ्यांसाठी ह्यांनी तळ्यावर चमकत्या पट्ट्या बांधल्या. बगळे जाऊन शेजारच्या बाभळीवर बसले आणि पट्ट्यांची सवय होईपर्यंत वाट पाहू लागले. मग पाण्यात हवा मारणारं यंत्र आलं. यंत्राला वीज लागते, आणि आमच्याकडची वीज तिच्या मनाप्रमाणे येते. झिंगे वाढत नाहीत म्हणून हे दाणा घालत, दाणा घातला म्हणून झिंगे वाढत नसत.

एका संध्याकाळी ते हात धुता धुता म्हणाले, "तुझे ते बाण काढून पाह्य बरं एकदा."

मला तेवढंच हवं होतं. इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण घरात कुणी प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवून मी रांगोळी घेतली आणि नेहमीच्या कमळाऐवजी झिंग्यांचं तळं काढलं. मधे तळं. त्याला दाण्याचा गोल, कुजण्याचा गोल, हवेचा, थंडीचा, बगळ्यांचा, विजेचा. ज्याने वाढतं तो बाण कुंकवाने भरला, ज्याने घटतं तो हळदीने. दाण्यापासून निघालेला बाण फिरत फिरत परत दाण्यावर आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ह्यांना आंघोळीतून हाक मारली. शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "कोणत्या देवाचं यंत्र व्हय हे?" मी म्हटलं, "पाण्यातल्या." त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

हे पंचा गुंडाळून बराच वेळ रांगोळीभोवती फिरले. मी उपाय सांगितला: दाणा थांबवा आणि घाण पाणी काढून ताजं भरा. त्यांना तो पटला. पाणी कुठे काढायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. धुऱ्यातून एक पाइप टाकून ते खाली भासऱ्यांच्या बगीच्यात सोडायचं. विहिरीचं ताजं पाणी तळ्यात, तळ्यातलं जुनं पाणी झाडांना. "खताचं पाणी व्हय ते. दादाले फुकटात भेटून राहिलं. थेंबही वाया नाही," ते म्हणाले. मलाही ते छान वाटलं. मी त्याचा एक छोटा बाण काढला, कुंकवाने भरला आणि टोक तसंच मोकळं सोडून दिलं, कारण तिथे अंगण संपत होतं.

पुढचे काही दिवस आनंदात गेले. पाण्याचा वास कमी झाला. झिंगे काठाशी येईनासे झाले. बगळे कंटाळून गेले. हे रोज येऊन मला बातम्या देत. दादाची झाडं कशी काळीशार हिरवी दिसून राहिली, हीसुद्धा त्यात एक बातमी असे. मग एकदा म्हणाले, "दादानं धुऱ्याच्या खाली चर खोदला. आपल्या पाइपाच्या तोंडाजवळून. पाणी कमी पडत असन त सांगावं ना माणसानं. एकटाच खोदत बसला. मी पाइप पूर्ण खोलून देला."

मी म्हटलं, बरं केलं. आणि मनात म्हटलं, माझा नवरा कसाही असला तरी मनाने मोठा आहे.

भासऱ्यांनी काही सांगितलं असतं तर कळलं असतं. पण भासरे कुणालाच काही सांगत नाहीत, आणि मला तर सांगण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको आणि भासरे समोरासमोर बोलत नाहीत. ते अंगणात आले की मी आत जाते, त्यांना चहा हवा का ते मी जाऊबाईंना विचारते आणि हवा असल्याचं जाऊबाई मला सांगतात. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं बोलणं जाऊबाईंच्या तोंडूनच झालेलं आहे. बोलणं सोपं, पण वाट लांबची.

संक्रांत झाली. आमच्याकडे दुपारी हळदीकुंकू होतं. रांगोळी मी तशीच ठेवली होती, रोज थोडी डागडुजी करून. येणाऱ्या बायका तिला वळसा घालून ओट्यावर येत होत्या, आणि मी प्रत्येकीला दोन वाक्यांत सिस्टिम थिंकिंग समजावत होते. तिळगूळ घ्यायला आल्या होत्या बिचाऱ्या. जाऊबाई सगळ्यांत शेवटी आल्या आणि सगळ्या गेल्यावर मागे थांबल्या. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी रांगोळी नीट पाहिली. मी त्यांनाही समजावलं, जरा जास्तच हौसेने. त्यांनी तो मोकळा सोडलेला बाण बोटाने दाखवला.

"हा कुठे जाते व?"

"तुमच्या बगीच्यात. खताचं पाणी."

"अना मग पुढे?"

पुढे मी काहीच काढलेलं नव्हतं.

"झाडं ताणावर सोडाचे दिवस व्हयेत हे," जाऊबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पाणी तुटलं का पानं पिवळी पडतात, गळतात. मग पाणी देलं का फुलावर येते झाड. तुले माहीत नाही का?"

मला माहीत होतं. या भागात जन्मलेल्या कुणालाही माहीत असतं. संत्र्याचं झाड हिवाळ्यात तहानलेलं ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ते फुलतं. खाऊनपिऊन सुखात असलेलं झाड नुसती पालवी काढत बसतं. मी शाळेत ते शिकवलं होतं, हे तर संत्रेवाल्याच्याच घरात वाढले होते. आणि आम्ही दोघांनी मिळून नेमक्या ताणाच्या दिवसांत भासऱ्यांच्या झाडांना पोट भरून पाणी पाजलं होतं. वर खत घालून.

"एक पान गळालं नाही अजून," जाऊबाई म्हणाल्या. "यंदाचा आंबिया गेला असं समज."

"अन् तो चर?"

"पाणी वळवाले खोदला त्यायनं. नाल्याकडे. दुसऱ्या दिवशी पाइप आणखी मोठा खुलला, चर वाहून गेला."

मी विचारलं, सांगितलं का नाही आम्हाला? जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हटलं सांगून देते. त्यायनं मले म्हटलं, खबरदार बोललीस त. आज मी आपल्या मनानं बोलून राहिली." मग उठल्या, तिळगूळ पदरात बांधला, आणि रांगोळीला वळसा घालून गेल्या.

हे घरी आले तसं मी त्यांना सांगितलं. चहा हातात होता. त्यांनी तो प्यायला नाही. एरवी त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक उत्तर असतं, आणि दुसरं राखून ठेवलेलं असतं. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "चाल." मी पदर खोचला आणि मोटरसायकलवर मागे बसले.

तळ्यावर गेल्या गेल्या त्यांनी आधी पाइपाचं तोंड बंद केलं. मग आम्ही धुरा उतरून बगीच्यात गेलो. दिवस अजून होता. झाडं इतकी सुंदर दिसत होती की मला त्यांची भीती वाटली. काळीशार, तजेलदार, शेंड्यांना कोवळी पोपटी पालवी. खाली एक पिवळं पान नाही. हे एका झाडापाशी थांबले, एक फांदी वाकवून त्यांनी पानाच्या बगलेत फुलाची कळी शोधली. मग पुढच्या झाडाला. मग त्याच्या पुढच्या. असे ते पार शेवटच्या ओळीपर्यंत गेले. पायाखालची जमीन भुसभुशीत ओली होती आणि त्यांच्या चपला प्रत्येक पावलाला रुतत होत्या. फक्त पाइपापासून दूरच्या कडेच्या, उंचावरच्या थोड्या झाडांची पानं जरा मलूल होती. तिथवर पाणी चढलं नसावं.

भासरे वाहून गेलेल्या चराजवळ बसले होते. हातात फावडं होतं. ते गवताने पुसत होते. मी एका झाडामागे पदर घेऊन उभी राहिले. मला त्या माणसाचा रागही आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

"दादा," हे म्हणाले, "तुम्ही बोलले काऊन नाही?"

"काय बोलू?"

"पाणी बंद कर म्हणून. एवढंच. मी काय नाही म्हटलं असतं का?"

"नाही. तू लगेच बंद केलं असतं."

"मग?"

भासऱ्यांनी फावडं उलटं करून दुसरी बाजू पुसायला घेतली. "पाणी बंद केलं असतं त तुये झिंगे मेले असते. झिंगे मेले त तळ्याचं काम सरलं."

"मेले असते त मेले असते. तुमचं साल गेलं, दादा. घर कायवर चालवान?"

"चालन काहीतरी. मृगाचा बहार धरू, उन्हाळ्यात ताण देऊन. वरची दोन-चार झाडं फुलतीन. पोटापुरतं होईन."

"पण झिंग्यापायी बहार घालवला तुम्ही? त्या झिंग्यापायी? आपण त खातही नाही."

भासरे हसले. मी त्यांना इतक्या जवळून हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग ते फावड्याकडे पाहतच बोलले, एरवी बोलतात त्याहून बरंच जास्त.

"तू नोकरीवर होता तवा पोळ्याले यायचा. घड्याळ पाहत जेवायचा. मी काही म्हटलं नाही, नोकरी होती. रिटायर झाला तवा वाटलं आता येशीन, त तू घरीच बसला. मग हे झिंगे आले. तवापासून तू रोज येऊन राहिला. मायासंग भाकर खाऊन राहिला. बाबा गेल्यापासून आपण दोघं असे रोज कधी जेवलो सांग बरं." त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. "बहार त पुढच्या सालीही येईन. झिंगे गेल्यावर तू आला असता का?"

हे आपल्या भावाच्या शेजारी, त्या ओल्या मातीत, तसेच खाली बसले.